माडाचं मीठ, खजुरीचं पाणी

पाण्याची चव लगेच कळत नाही. घोट तोंडात घेतला की आधी नुसता गारवा लागतो, वाळूखालून नुकत्याच वर आलेल्या पाण्याचा, थोडासा लोखंडी वासाचा. मग क्षणभर काहीच नाही. जणू आपल्याशी बोलावं की नाही याचा विचार करत पाणी थांबलं आहे. आणि घोट गिळून आपण निर्धास्त झालो की जिभेच्या मागच्या कडेला एक मंद, कोमट, नकोशी रेघ उमटते. आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर या चवीला मचूळ म्हणतात. इथे गिऱ्हाइकांना मी हिंदीत "थोड़ा खारा" असं सांगतो, आणि दरवेळी आपण काहीतरी लपवलं असं मला वाटत राहतं. खाऱ्या पाण्याची आशा माणसानं केव्हाच सोडलेली असते. मचूळ पाणी अजून गोडाच्या बाजूला उभं असतं, फक्त त्याचा पाय निसटू लागलेला असतो. हा शब्द ऐकला की तहान लागत नाही, काळजी लागते.

ही चव घेत हिंडणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. मी शेतीचे पंप विकतो. शारजात अल नहदाला, दुबईच्या सीमेला खेटलेल्या एका उंच इमारतीत आम्ही राहतो. सकाळी सगळी इमारत दुबईच्या दिशेनं निघते आणि मी एकटा उलट्या दिशेला, उत्तरेकडे, रास अल खैमाच्या रस्त्याला लागतो. अमिरात म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काचेचे मनोरे येत असतील. येऊ देत, तेही खरेच आहेत. पण हजरचे उघडे, तांबूस डोंगर आणि समुद्र यांच्या मधोमध एक सपाट पट्टी आहे, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेती होत आली आहे. खजूर, लिंबू, आंबा, जनावरांसाठी लसूणघास. डोंगरावर कधीमधी पाऊस होतो, ओढ्यांच्या कोरड्या पात्रांतून ते पाणी धावत येतं आणि वाळूत शिरून दिसेनासं होतं. असं थेंबाथेंबानं जमिनीखाली साठलेलं ते गोडं पाणी किती जुनं असेल! ते साठायला किती काळ लागला हे कोणी सांगू शकणार नाही. उपसायला मात्र एका माणसाचं आयुष्य पुरलं, आणि त्या उपशाच्या हातात हत्यार देणाऱ्यांपैकी मी एक आहे.

आमच्या धंद्याला एकच क्रियापद ठाऊक आहे, उतारना. पंप बोअरमध्ये उतरवायचा. पाणी खाली गेलं की आणखी पाइप जोडून आणखी उतरवायचा. विक्रीची युक्तीही साधी. मालकाला त्याच्या जमिनीबद्दल काही सांगू नये, शेजाऱ्याबद्दल सांगावं. "अरबाब, बाजूवाले ने और नीचे उतारा," एवढं वाक्य मी चहाच्या घोटाबरोबर हळूच सोडतो, आणि पुढचं काम कुंपणच करतं. जमिनीवर कुंपण असतं, जमिनीखाली नसतं. खालचं पाणी ज्याचा पंप खोल त्याचं. मग बाजूवाल्याकडे जाऊन पुन्हा तेच वाक्य. या वाक्यात खोटं काहीच नसतं. दोघांनाही मीच उतरवून दिलेलं असतं.

एकदा जेवताना माझी मुलगी झोया हिनं मला विचारलं की मी नक्की करतो काय. मी तिला बोअर, पाइप, अश्वशक्ती असं सगळं मराठीत समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, सो बेसिकली यू सेल लाँगर स्ट्रॉज." लांब नळ्या विकता! एकाच पेल्यात दोघांनी नळ्या घातलेल्या, आणि पप्पा दोघांनाही त्याहून लांब नळी विकताहेत. नसीम, माझी बायको, हसता हसता म्हणाली, "बापाचा धंदा पोरीनं एका वाक्यात आटपला." मीही हसलो. पण त्या रात्रीपासून पेल्याचा तळ माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

घरात आमच्या नळाला येतं ते पाणी समुद्राचं आहे. प्रचंड यंत्रांतून मीठ वेगळं करून ते गोडं होतं, आणि त्यासाठी इंधन जळतं. काढलेलं मीठ दाट होऊन पुन्हा समुद्रातच जातं. समुद्राचंच त्याला परत, पण आधीपेक्षा कडू करून! चौकांतल्या वर्तुळांत हिवाळ्यात जांभळी-पांढरी फुलं डोलतात, हिरवळ इतकी मऊ की वाळवंटात आहोत हे विसरायला व्हावं. विसरणं हीच तर या श्रीमंतीची खरी सोय आहे. मीही विसरतो. गाडी धुतो, लांब आंघोळ करतो. नसीम तेवढी विसरत नाही. तिनं बाल्कनीत एसीच्या नळीखाली बादली ठेवली आहे. दमट उन्हाळ्यात ती भरते, आणि त्या पाण्यावर तिचा पुदिना आणि कढीपत्ता वाढतो. "हवेतनं पडलेलं फुकटचं पाणी," ती म्हणते. गावी तिच्या माहेरी मे महिन्यात विहीर मचूळ व्हायची, म्हणून बादलीकडे बघण्याची तिची नजरच वेगळी आहे.

तर, अबू राशिदची बाग. साठी उलटलेला हा गृहस्थ, बारीक अंगाचा, हातात नेहमी एक वेताची काठी, बोलणं अरबी-हिंदीची खिचडी आणि दर तिसऱ्या वाक्याला टोमणा. त्याच्या बापानं लावलेली खजुरीची झाडं त्याच्याकडे आहेत. या बागेत आधी लिंबं गेली. पानं पिवळी पडली, फांद्या वरून वाळत आल्या. मग आंबे गेले. आता खजुरीच्या पात्यांची टोकं भाजल्यासारखी तपकिरी होऊ लागली होती आणि कोवळा सुईसारखा कोंब बाहेर येताच मलूल पडत होता. मागच्या वर्षी मार्चमध्ये त्याचा फोन आला. "खलास हो रहा है मेरा नखल. पानी नीचे गया. बड़ा पंप लाओ, नीचे उतारो." नखल म्हणजे खजुरीची झाडं. त्याच्या आवाजात नेहमीचा टोमणा नव्हता, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी निघालो. बापानं हातानं लावलेली झाडं मुलाच्या डोळ्यांदेखत वाळावीत, याहून मोठं भय शेतकऱ्याला दुसरं कोणतं? पैसा त्याच्याकडे आहे, दुबईत भाड्यानं दिलेल्या जागा आहेत. ती झाडं मात्र पुन्हा विकत मिळणारी नव्हती.

त्या बागेत कामाला आमच्याच मोहल्ल्यातला मुश्ताक आहे. श्रीवर्धनकडचा; मीच त्याला तिथे लावून दिला होता. हातापायानं दणकट, मनानं हळवा. मी पोचलो तेव्हा तो फाटकातच उभा होता, चेहरा पडलेला.

"इकबालभाय, अरबाब तापलाय. माझा व्हिसा जातोय बहुतेक."

"काय केलंस?"

"काय नाय केलं. झाडांना औषध केलं."

आत गेलो तर अबू राशिद एका खजुरीच्या आळ्याशी उकिडवा बसून बोटानं माती चाटत होता. माती चाटून झाल्यावर त्यानं माझ्याकडे मान वळवली. "इसमें नमक है. बहुत नमक. ये कौन सी बीमारी है, हबीबी? आसमान से नमक गिरा?"

मी मुश्ताककडे पाहिलं. मुश्ताक जमिनीकडे पाहत होता. आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला! आमच्याकडे नारळाला मीठ घालतात हो. कोकणातल्या कुठल्याही परड्यात विचारा. माड पिवळा पडला, नारळ गळू लागले की बुंध्याशी आळं करायचं आणि जाडं मीठ टाकायचं. माड त्यावर खूश होतो, डोलतो. मुश्ताकच्या लेखी खजूर म्हणजे अरबस्तानातला माडच की. तोच सरळसोट बुंधा, तोच वरचा झुबका. झाडं कोमेजलेली पाहून या भल्या माणसानं स्वतःच्या पैशानं बाजारातून मीठ आणलं होतं आणि रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर, कोणाच्या नजरेस न पडता, आळ्याआळ्यांत मुठीमुठीनं घातलं होतं.

"वाईच वाईचच घातलं, इकबालभाय," तो पुटपुटला. "माडाला घालतो त्याच्या निम्मंसुद्धा नाय."

मी अबू राशिदला हे कसंबसं समजावलं. तो ऐकत होता आणि त्याच्या भुवया वर वर जात होत्या. आता मुश्ताकची रवानगी ठरली असं मी धरून चाललो. पण तो हसू लागला. काठीवर दोन्ही हात ठेवून, पुढे वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग डोळे पुसले आणि काठीचं टोक माझ्या छातीकडे केलं.

"ये मुश्ताक मुट्ठी से नमक डालता. तुम पंप से डालता, हबीबी. बड़ा उस्ताद कौन?"

तो ते गमतीनं म्हणाला, पण मला हसता येईना. कारण त्यानं नकळत अचूक बोट ठेवलं होतं. खजूर खारेपणा सोसते हे खरं, पण सोसणं म्हणजे मानवणं नव्हे. बोअर जितका खोल गेला तितकं वर येणारं पाणी अधिक मचूळ होत गेलं होतं, आणि प्रत्येक पाणी देण्याबरोबर ते त्या आळ्यांत आपलं मीठ ठेवून जात होतं. पाणी उन्हानं उडून जाई, मीठ राही. मुश्ताकनं काही दिवस मुठी टाकल्या. माझा पंप वर्षानुवर्षं पोती ओतत होता. आणि त्या दिवशी गाडीत माझ्याकडे त्याहून मोठ्या पंपाचे कागद तयार होते.

ते कागद मी बाहेर काढले नाहीत. "माप घेऊन पुन्हा येतो" असं काहीतरी सांगून निघालो. बाकी मुश्ताक वाचला. अबू राशिदनं त्याला एवढीच शिक्षा दिली की प्रत्येक आळ्यातली वरची माती खरवडून बाहेर टाकायची. मी फाटकाबाहेर पडलो तेव्हा तो गुडघ्यांवर बसून नांगर हाकावा तशा निष्ठेनं माती खरवडत होता.

परतीच्या रस्त्यावर डाव्या हाताला वाळूच्या टेकड्या, उजवीकडे दूर समुद्राची एक चकाकती पट्टी. मला आमच्या मोहल्ल्याची विहीर आठवत राहिली. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर ती आहे. तिथल्या बायकांना कोणी शिकवलेलं नाही, पण त्यांना माहीत आहे की अशा विहिरीत गोडं पाणी वर तरंगत असतं आणि खारं खाली दबा धरून बसलेलं असतं. हलक्या हातानं, वरचं वरचं काढलं तर विहीर गोडी राहते. लग्नाच्या घरी घाईघाईनं उपसा झाला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या चहात मचूळपणा! मग चार दिवस त्या विहिरीला हात लावायचा नाही. "विसावू द्या तिला," असं आई म्हणायची, एखाद्या बाळंतिणीबद्दल बोलावं तसं. हे मला लहानपणापासून ठाऊक. पंपाच्या शिक्षणात त्यालाच मोठं नाव आहे, तेही ठाऊक. जोरानं ओढलं की खालचं खारं पाणी सुळक्यासारखं वर चढतं, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. मग इतकी वर्षं मी हे कोणाला सांगितलं का नाही? कारण कोणी विचारलं नाही, असं उत्तर मी स्वतःला देत आलो. माझ्या वयाच्या माणसाला अशी उत्तरं फार सुबक देता येतात.

आठवड्यानं मी पुन्हा गेलो. अबू राशिदनं कहवा ओतला. छोट्या पेल्यातला तो वेलचीचा कडवट कहवा मी संपवला. मग म्हणालो, "अरबाब, पंप नीचे नहीं. ऊपर लेना है. और छोटा."

त्यानं पेला खाली ठेवला. "तुम बीमार है?"

मी त्याची काठी घेऊन वाळूत आकृती काढली. वर गोडं, खाली खारं, मध्ये पंप. गोड्या पाण्याला अरबीत हिलू म्हणतात, म्हणजे गोडच. तहानेच्या दोन मुलखांना पाण्यासाठी एकच चव सुचली, याचं मला नेहमी नवल वाटतं. त्यालाही मी मचूळ हा शब्द शिकवला. तो दोनदा "मचूल, मचूल" म्हणाला. मग बराच वेळ त्या आकृतीकडे बघत राहिला आणि त्याच्या लहानपणाचं बोलू लागला. बैल उतारावरून खाली जायचा, कातड्याची पिशवी वर यायची. बैल मागे फिरायचा, पिशवी खाली. म्हणजे आमची मोटच! "बैल थकता था," तो म्हणाला. "बैल थका, तो बाप बोलता, खलास, कल. पंप कभी नहीं थकता." बैल दमत होता म्हणून विहिरीला श्वास मिळत होता. आपण न दमणारं यंत्र आणलं आणि दमण्यामागचा शहाणपणा घालवून बसलो.

पण छोटा पंप म्हणजे कमी पाणी, आणि कमी पाणी म्हणजे लसूणघास बंद. बागेच्या मागच्या अंगाला ते हिरवंगार रान होतं, त्याच्या उंटिणींसाठी. खरं सांगायचं तर बहुतेक पाणी तेच पीत होतं. उंटिणींची नावं त्याला नातवंडांसारखी तोंडपाठ. तो उठला, घासाच्या बांधावर जाऊन उभा राहिला. घास आणि खजूर, दोन्हींपैकी एकच वाचणार होतं, आणि ते त्याला माझ्याआधी कळलं होतं.

परत येऊन त्यानं विचारलं, "मैं ऊपर लिया, तो अबू हमद मेरा पानी खींचेगा. फिर?"

अबू हमद म्हणजे जाळीच्या कुंपणापलीकडचा शेजारी. प्रश्न बिनतोड होता. आणि तो त्याच्या डोक्यात घालणारा मीच होतो. ते वाक्य चहाबरोबर मीच तर सोडलं होतं. मी तसं त्याला सांगून टाकलं. अबू हमदलाही मीच तुझ्या नावानं खाली उतरवलं, असं म्हणालो. आता तो मला बाहेर काढील अशी माझी तयारी होती. तो म्हणाला, "मालूम है. मैं भी उसका नाम सुनके, उससे नीचे जाने में खुश हुआ था." मग काठी उचलली. "एक साल. तुम जाके उसको भी बोलो. यल्ला, जाओ."

मी गेलो. अबू हमद धिप्पाड आणि दिलखुलास. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली. "तुम ही नीचे डाला, तुम ही ऊपर बोलता. डॉक्टर पहले पैर तोड़ता, फिर पट्टी बेचता! नहीं हबीबी. अबू राशिद ऊपर जाए, अल्ला उसको बरकत दे. उसका पानी मेरे पास आएगा." माझ्यासाठी खजुराची ताटली पुढे केली. एक खजूर उचलून मी निघालो.

पंप वर काढायचा तो दिवस मला लख्ख आठवतो. बोअरवर तीन पायांचं लोखंडी तिकाटणं उभं केलं, साखळीला हिसके बसू लागले आणि एकेक ओला पाइप वर येऊन वाळूवर आडवा होऊ लागला. माझ्या माणसांना वाटलं बिघाड आहे. पाइप बाहेर आला की नवा जोडून परत खाली सोडायचा, हा त्यांच्या हातांचा पाठ. मी "बस, इतना ही वापस जाएगा" म्हणालो तेव्हा पंजाबचा जुना मिस्त्री माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी लग्नातून वरात उलटी फिरवली. उरलेले पाइप आम्ही गाडीवर घातले. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या शेतातून जाताना आणल्यापेक्षा जास्त लोखंड परत घेऊन निघालो. ऑफिसात माझ्या साहेबांनी विचारलं, "इकबाल, हे काय, माल परत?" मी म्हणालो, "सर, लहान पंप तरी गेला." त्यांनी कपाळाला हात लावला.

उन्हाळा कठीण गेला. घास वाळून गवती चटईसारखा पिवळा झाला. उंटिणी अबू राशिदच्या वाळवंटातल्या भावाच्या वाड्यात गेल्या. त्या दिवशी तो फोनवर नुसता "गया" म्हणाला आणि ठेवून दिला. झाडांना ठिबकनं, बेतानं पाणी. पहिले काही महिने चवीत काही फरक नव्हता. मी दर खेपेला घोट घ्यायचो आणि माझ्या तोंडाकडे दोघं टक लावून बघायचे, डॉक्टरकडे बघावं तसे. "काय वाटतं?" मुश्ताक विचारायचा. मी मान हलवायचो. काही झाडं गेलीच. त्यांचे बुंधे कापताना मुश्ताक रडला. माझ्या सल्ल्यानं जनावरंही गेली आणि झाडंही जातील, या विचारानं मी किती दिवस नीट जेवलो नाही ते नसीमला विचारा.

मग थंडी आली. डोंगरावर दोन दिवस पाऊस कोसळला. एका सकाळी घोट घेतला आणि ती मागची रेघ उमटेपर्यंत थांबलो. ती उमटली, पण उशिरा, आणि फिकी. मी पुन्हा घोट घेतला. मीटर लावला, त्याचा आकडाही खाली आला होता. मग पेला मुश्ताकला दिला, मुश्ताकनं अबू राशिदला. अबू राशिदनं चूळ भरल्यासारखं पाणी तोंडात फिरवलं, गिळलं आणि निकाल दिला, "हिलू नहीं. लेकिन शरम आई उसको." पाण्याला लाज वाटू लागली! एवढ्यानं मला कोण आनंद झाला, म्हणून सांगू! वर पाहिलं तर वाचलेल्या झाडांच्या मधोमध कोवळे कोंब भाल्यासारखे ताठ वर आले होते, टोकापर्यंत हिरवे.

याला चमत्कार म्हणू नका. एका बागेनं हात आखडता घेतल्यानं सगळी पट्टी गोडी होत नाही. अबू हमदचा मोठा पंप शेजारी धडधडतच होता, आणि तो तसाच चालू राहिला असता तर अबू राशिदच्या तळाचं खारं पुन्हा वर यायला फार काळ लागला नसता. हे त्यालाही ठाऊक होतं. पण तो रोज कुंपणाकडची आळी स्वतः साफ करायला लागला. नको तितका वेळ लावून, नको तितक्या मोठ्यानं मुश्ताकशी बोलत. "देखो मुश्ताक, ये पत्ता देखो! माशाल्ला!" पलीकडून कोणी ऐकत असेल तर ऐको.

गेल्या महिन्यात मी दुबईच्या करामा भागात एका गिऱ्हाइकाकडे होतो आणि फोन वाजला. अबू हमद. आवाज कधी नव्हे इतका खाली.

"इकबाल, मेरा आम का पत्ता जल गया. सुनो. तुम आओ. अबू राशिद को मत बोलना."

मी अबू राशिदला सांगितलं नाही, पण तिकाटण्यासारखी उंच वस्तू शेजाऱ्यापासून कशी लपणार? आम्ही साखळी लावली तोवर तो कुंपणाशी येऊन उभा राहिला होता, काठीवर हात, मागे मुश्ताक. पाइप एकामागून एक वर येत होते. दोन्ही म्हातारे एकमेकांकडे न बघता पाइपांकडेच बघत होते. इतकी वर्षं या दोघांना मी एकमेकांची भीती घालून खाली नेत आलो. आता ती साखळी उलटी फिरत होती आणि माझ्या हातातलं काम मला पहिल्यांदाच काम वाटत होतं.

अबू राशिदनं घसा खाकरला. "कितना ऊपर ले रहा है?"

अबू हमदनं माझ्याकडे पाहिलं, मग वाळूवर पडलेल्या पाइपांकडे, मग आकाशाकडे. आणि छाती पुढे काढून म्हणाला, "तुमसे एक पाइप ज्यादा."

मग अबू राशिद माझ्याकडे वळला, आणि त्याच्या डोळ्यांत तो जुना टोमणा परत आलेला मला दिसला.

"इकबाल," तो म्हणाला, "कल मेरे पास आना."